शिरूर कासारचे भाऊसाहेब

आमच्या कराडकडे दर दिवाळीच्या आगेमागे बीडची माणसं येतात. रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात, पहाटे बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येतात, आणि उन्हाळा तापायला लागला की उसाबरोबर ही माणसंही नाहीशी होतात. साठ वर्षं मी हे बघत आलो. ती येतात कुठून ते जाऊन बघावं, असं मात्र कधी वाटलं नाही. माणसाला दूरदूरची लेणी पाहावीशी वाटतात. आपल्या चहातल्या साखरेसाठी ऊस तोडणाऱ्याचं गाव पाहावंसं वाटत नाही. मला तिकडे पाठवलं ते बहिणीने, आणि तेही पर्यटनासाठी नव्हे.

तिची मुलगी, डॉक्टर स्नेहल, तीन वर्षांपासून शिरूर कासार तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. फोनवर ती दमलेली वाटते, रविवारीही काहीतरी लिहीत बसलेली असते, आणि तिने राजीनाम्याचा कागद तयार करून ठेवलाय असं बहिणीला कुठूनसं कळलं होतं. "जा आणि समजावून घेऊन ये," अशी आज्ञा झाली. मी निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. भाचीची एक चूक काढायला मला कितीसा वेळ लागणार, असं बहिणीला वाटलं असावं.

शिरूरला निघालोय म्हटल्यावर कराडच्या स्टँडवर तिघांनी मला पुण्याजवळच्या शिरूरची गाडी दाखवली. चौथ्याने विचारलं, "कासार शिरूर? तिकडं कोण जातं?" प्रवासाबद्दल एवढंच पुरे.

शिरूर कासार

हा भाग कोरडा म्हणून प्रसिद्ध आहे, पण मी गेलो तेव्हा पाऊस नुकताच सरला होता आणि बालाघाटच्या टेकड्यांनी हिरवा रंग अजून पुरता सोडला नव्हता. सिंदफणेला पाणी होतं. कापूस फुटला होता, बांधावरची सीताफळं डोळे उघडून बसली होती. आमच्या उसाच्या गच्च हिरव्या भिंतींची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना इथलं सगळं विरळ वाटलं, आणि थोड्या वेळाने मोकळं वाटलं. दोन झाडांमध्ये इतकं आकाश आमच्याकडे नसतं.

स्नेहल तिच्या टेबलामागे बसली होती, म्हणजे तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. बाकी सगळी रजिस्टरं होती. बाह्यरुग्णांचं वेगळं, गरोदर मातांचं वेगळं, लसीकरणाचं, सर्पदंशाचं, औषधसाठ्याचं. आणि हे सगळं पुन्हा संगणकावर भरायचं असतं, ते वेगळं. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता. असा घट्टा मी आमच्या छापखान्यातल्या जुन्या खिळेजुळाऱ्याच्या बोटावर शेवटचा पाहिला होता.

"मामा, मी पेशंट तपासत नाही," ती म्हणाली. "मी लिहिते. लिहिता लिहिता मधेच त्यांच्याकडे बघते."

मी लगेच समजावण्याच्या कामाला लागलो. म्हटलं, कराडला चांगली रुग्णालयं आहेत, तिथे ये. तिने ऐकून घेतलं आणि मग गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. इथून ऊसतोडीला गेलेली एक बाई तिकडच्या दवाखान्यात अवघडलेल्या अवस्थेत पोचली. तिच्याजवळ स्नेहलने लिहिलेली चिठ्ठी होती. तीत चार-पाच इंग्रजी संक्षेप होते आणि औषधाचं नाव. त्या बाईचं रक्त कमी आहे, आधीच्या वेळी काय झालं होतं, यातलं काही चिठ्ठीत नव्हतं. तिकडच्या डॉक्टरांना शोधण्यातच वेळ गेला. बाई वाचली. बाळ गेलं.

"माझ्यासमोर त्या दिवशी दीडशे माणसं होती," स्नेहल म्हणाली. "एका चिठ्ठीला एक मिनिट. मिनिटभरात जे लिहून झालं तेवढंच तिच्याबरोबर गेलं."

"आणि माता-बाल कार्ड असतं ना?"

"असतं. पत्र्याखाली असतं, भिजतं. किंवा घरी राहतं, आणि बाई तुमच्याकडे पोचते."

म्हणून यंदा तिने ठरवलं होतं की गाव सोडणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या हातात पूर्ण लिहिलेली चिठ्ठी जाईल. एका बाजूला डॉक्टरांसाठी इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला घरच्यांसाठी मराठीत. सोमवारी शेवटची गर्दी, मंगळवारी पहाटे ट्रॅक्टर निघणार.

"हे जमलं तर मी राहते. नाही जमलं तर तुमच्याबरोबर येते. आईला तसं कळवा."

मी कळवलं. बहीण म्हणाली, मग जमणार नाही असं बघ.

भाऊसाहेब

चिठ्ठ्या लिहिणार होतं ते एक यंत्र. यंत्र म्हणजे काय, तर टेबलावर पालथा ठेवलेला एक मोबाइल. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेने तो चाचणीसाठी दिला होता. डॉक्टर आणि रुग्ण बोलतात, तो ऐकतो, कृत्रिम बुद्धिमत्ता त्या बोलण्यातून कामाचं तेवढं उचलून नोंद तयार करते; डॉक्टरने ती वाचायची, दुरुस्त करायची आणि सही करायची. आठवडाभर तो काम करत होता आणि गावाने त्याचं बारसंही करून टाकलं होतं. इथे तलाठी, ग्रामसेवक, जो कुणी सरकारी माणूस खाली मान घालून लिहितो तो भाऊसाहेब. तेव्हा हाही भाऊसाहेबच. दारात येणारी माणसं आधी विचारायची, "भाऊसाहेब बसलेत का?"

टेबलावर पाटी होती: 'हे यंत्र बोलणं ऐकतं. नको असल्यास सांगा.' गावच्या आशा कार्यकर्त्या कमलताई ती प्रत्येकाला वाचून दाखवायच्या. कमलताई म्हणजे पन्नाशीच्या, आवाजाला धार असलेल्या. गावातलं एकही घर त्यांच्या माहितीबाहेर नाही. एका म्हाताऱ्याने पाटी ऐकून घेतली आणि म्हणाला, "ऐकू द्या की. घरात कोन ऐकतंय?"

यंत्र सुरू होऊन आठवडा झाला होता, पण उद्घाटन व्हायचं होतं, आणि उद्घाटनाशिवाय एखादी गोष्ट सुरू झाली असं आपल्याकडे मानत नाहीत. ते शनिवारी झालं. मांडव, सतरंजी, फेटे, नारळ. मोबाइलला हार घालायला गळा नसल्याने हार त्याच्याभोवती गोल ठेवला. उद्घाटनाला बोलावलेले साहेब दोन तास उशिरा आले. व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाचं नाव घेण्यात पहिली दहा मिनिटं गेली. मग साहेब तालुक्याच्या इतिहासात शिरले, तिथून जागतिक घडामोडींत गेले आणि वाटेत एकदा आपल्या आजोबांच्या दातृत्वापाशी थांबले. चाळीस मिनिटांत यंत्राचा उल्लेख एकदा आला, तोही 'हा जो काही प्रकल्प आहे' असा.

भाऊसाहेब चालू राहिलेत हे कुणाच्या लक्षात नव्हतं. पाहुणे गेल्यावर स्नेहलने फोन उचलला आणि खुर्चीत बसून हसत सुटली. त्याने साहेबांची नोंद तयार ठेवली होती:

*तक्रार: घसा बसणे, तीन दिवसांपासून. इतर वैद्यकीय माहिती आढळली नाही.*

भाषणाच्या आरंभी साहेब म्हणाले होते, तीन दिवस घसा बसलाय, सांभाळून घ्या. तेवढंच भाऊसाहेबांनी उचललं. चाळीस वर्षं मी मान्यवरांची भाषणं तपासली, छापली, स्मरणिकांत बांधली. इतकं नेमकं संपादन मला एकदाही जमलं नव्हतं. यंत्राविषयी माझं मत त्या क्षणी बदललं, हे कबूल करतो. माझ्यासारख्या माणसाचं मत बदलायला एवढं पुरतं, हे काही बरं लक्षण नाही.

जेवायला कमलताईंकडे बोलावणं होतं. बाजरीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं-डाळी नि मसाले भाजून दळलेलं पीठ, त्याची ही आमटी इतकी दाट आणि खमंग होते की मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केल्यावर कमलताई म्हणाल्या, "मामा, तुमच्याकडं काय जेवत न्हाईत का?" नंतरच्या चहात साखर भरपूर होती. म्हटलं, ही आमच्याकडची. त्यावर त्यांच्या यजमानांनी शांतपणे सांगितलं, "आमीच तोडलेली हाय ती."

कपिलधार

रविवारी स्नेहलने मला कपिलधारला नेलं. जाता जाता पालीजवळ बिंदुसरेचं धरण लागलं. काठोकाठ पाणी आणि कडेला बसलेले बगळे, दोघांनाही घाई नव्हती. कपिलधारला डोंगराच्या कुशीत मंदिर आहे आणि कड्यावरून पाणी पडतं. दर्शनाला आलेली कुटुंबं धारेखाली उभी राहून भिजत होती. आमच्या सह्याद्रीतले धबधबे आरडाओरडा करतात. हा आपला सांगितलेलं काम करावं तसा पडत होता.

स्नेहल तासभर एका दगडावर बसून राहिली. काही लिहिलं नाही, फोन बघितला नाही. बहिणीने हे पाहिलं असतं तर तिचा अर्धा राग गेला असता. तेवढ्यात तिच्या केंद्राच्या गावचे एक आजोबा ओल्या धोतरानिशी समोर आले आणि त्यांनी विनाप्रस्तावना जीभ बाहेर काढली.

"उद्या या बाबा, दवाखान्यात बघू," ती म्हणाली.

आजोबांनी जीभ आत घेतली, इकडेतिकडे बघितलं. "भाऊसाहेबाला कावून न्हाई आनलं?"

"त्यांना सुट्टी आहे."

"आन् तुमाला?"

परतताना ती म्हणाली, "एक सांगू? तो आल्यापासून मी पेशंटचा चेहरा बघायला लागलेय. पहिले दोन दिवस मलाच लाजल्यासारखं झालं."

सोमवार

आमच्याकडे डॉक्टरच्या खोलीत रुग्ण एकटा जातो, फार तर एक जण सोबत. इथे घर जातं. केसपेपर एकाचा निघतो आणि दुखणी सगळ्यांची बाहेर येतात. सुनेला दाखवायला आलेली सासू जाता जाता आपले गुडघे पुढे करते, सासऱ्याच्या डोळ्याचं विचारून घेते, आणि डॉक्टर म्हणजे डॉक्टरच या न्यायाने गुराढोरांचंही. पशुवैद्यक दूर असतात, स्नेहल समोर असते.

सोमवारी सकाळी आठलाच ओसरी भरली. उद्या निघणाऱ्यांची बोचकी भिंतीशी लावलेली. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'एक कोयता' म्हणतात, माणसं स्वतःची ओळखही तशीच करून देतात, "आमी एक कोयता, सांगलीकडं." स्नेहलने मला कामाला लावलं. शेजारच्या टेबलावर चिठ्ठ्यांची मराठी बाजू संगणकावर येणार, मी ती वाचायची, वेडंवाकडं असेल ते दाखवायचं, ती अखेरची नजर टाकून सही करणार, मग छपाई. "तुम्हाला चुका शोधायची हौस आहेच," ती म्हणाली.

मी चष्मा पुसून बसलो. भाऊसाहेबांची मराठी चांगली होती. साधी वाक्यं, कर्ता-क्रियापद जागेवर, अलंकार नाहीत. आमच्या छापखान्यात येणाऱ्या प्राध्यापकांपेक्षा बरी.

बाराच्या सुमाराला सविता आली. बाविशीची, सडपातळ, पदर कपाळापर्यंत. पुढे सासू सुभद्राबाई, मागे नवरा दत्ता, दाराला टेकून. त्यांचा कोयता आमच्याच, कराडकडच्या कारखान्याला जाणार होता. सासू घरी राहणार, दोन वर्षांच्या नातीला सांभाळणार.

"काय सविता, कसं वाटतंय?" स्नेहलने तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत विचारलं.

"बरी हाय ती," सुभद्राबाई म्हणाल्या. "पाचवा सरला. खाती, पिती. तुमी फकस्त कागद द्या, उद्या सकाळी टॅक्टर निघायलाय."

"पहिल्या वेळी सिझर झालं होतं ना तुझं?"

सविताने मान हलवली.

"कुठे, बीडला?"

सविताने पुन्हा मान हलवली. तोवर सुभद्राबाई आपल्या गुडघ्यांवर आल्या होत्या. "वीस वरसं झाली बगा, उठता बसता जीव जातो. आन् मॅडम, दोन दिवस झाले खायलाच तयार न्हाई, दूध निम्म्यावर आलंय."

"कुणाचं?"

"म्हशीचं. तिला काई गोळी देता येती का?"

दारातून दत्ता म्हणाला, "आई, हितं म्हशीचं कावून काढायलीस?"

"मंग कुठं काढू? तू हायस का घरी बघायला?"

खोलीतले सगळे हसले, सविताही, पदराआड. स्नेहलने म्हशीला गोळी नाकारली, सुभद्राबाईंना मलम दिलं, सविताला ओझं उचलायचं नाही असं बजावलं. सविता सहा महिने उसाच्या मोळ्या वाहायला चालली होती. तिने यावरही मान हलवली. जे कागदावर लिहिता येतं आणि जे खांद्यावरून उतरवता येतं, यांत केवढं अंतर आहे, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होतं.

चिठ्ठी माझ्यासमोर आली. वाचून मला हसू आवरेना. 'गुडघेदुखी, वीस वर्षांपासून.' म्हणजे वयाच्या दुसऱ्या वर्षापासून. त्याखाली: 'दोन दिवसांपासून आहार कमी. दूध निम्म्यावर.' भाऊसाहेबांनी तिघींची एक बाई केली होती, आणि तिघींतली एक म्हैस होती. मी दोन्ही ओळी काढायला लावल्या आणि विलक्षण खूश झालो. बाकीचा मजकूर निर्दोष होता. 'पूर्वीची शस्त्रक्रिया: सांगितलेली नाही', हेही मी वाचलं. वाक्य शुद्ध होतं.

याच वेळी आतल्या खोलीत एका बाईला कळा सुरू झाल्या आणि सिस्टरांनी हाक मारली. स्नेहल उठली. "मामा, हिची वाचली नीट?"

"वाचली. म्हैस काढली."

ती हसली, उभ्या उभ्या सही केली आणि आत पळाली. सविताची चिठ्ठी सुभद्राबाईंनी घेतली, दत्ताकडे दिली, दत्ताने सविताच्या पिशवीत टाकली. आतल्या खोलीतून थोड्या वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं आणि ओसरीवरच्या अख्ख्या गर्दीने माना तिकडे वळवल्या.

एक ओळ

सगळ्या चिठ्ठ्या गेल्या होत्या. दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो, तीन दिवसांत पहिल्यांदा स्नेहल वेळेवर. पिठलं-भाकरी होती. ती मजेत होती. सोमवारचं लिखाण सोमवारी संपलं, असं इथे आल्यापासून पहिल्यांदाच घडलं होतं.

"आणि त्या सुभद्राबाई," ती म्हणाली. "सून सिझरची, दोनच वर्षं झालेली, तिची काळजी नाही आणि म्हशीला गोळी."

माझा घास हातात राहिला. "तिच्या चिठ्ठीत सिझर नव्हतं."

"म्हणजे?"

"सांगितलेली नाही, असं होतं."

स्नेहलने भाकरी ताटात ठेवली. म्हणाली, "तिने मान हलवली. मी बघितली. मी बघितली म्हणजे झालं, असं मला वाटलं. त्याला मान कशी दिसणार?"

मी म्हटलं की चूक माझी. आयुष्यभर मला ठाऊक आहे, दोन गमतीच्या चुका सापडल्या की माणूस स्वतःवर खूश होतो आणि तिसरी हातून सुटते. ती म्हणाली, "मामा, सही माझी आहे." ते खरं होतं, आणि त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. सिझर झालेल्या बाईचं पुढचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं. कोपीत किंवा वाटेत सुरू झालं तर जिवावर बेततं. हे लिहिण्यासाठीच तर ती चिठ्ठी होती.

दत्ताचा फोन बंद लागत होता. कमलताईंनी सांगितलं की ट्रॅक्टर सिंदफणेच्या पुलाजवळच्या मैदानात लागतात आणि उजाडता उजाडता हलतात. स्नेहलने दुरुस्त चिठ्ठी छापून घेतली. मग राजीनाम्याचा कागद कपाटातून काढून पर्समध्ये ठेवला. मला दिसावा म्हणून नव्हे, पण मला दिसला.

पुलाजवळ

सदुसष्टाव्या वर्षी मी भाचीच्या स्कूटरवर मागे बसून उजळू लागलेलं आकाश बघत गेलो. थंडी होती, रस्त्याला खड्डे होते आणि एका वळणावर शेळ्यांच्या कळपाने आम्हाला पुरतं वेढलं. धनगराने घाई केली नाही. "डाक्टरीनबाई, एवढ्या सकाळी?" त्याने विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत शेळ्या हलवल्या नाहीत.

मैदानात ट्रॅक्टर उभे होते, प्रत्येकाला दोन ट्रॉल्या. बाजरीची पोती, पत्रे, बांबू, चुली, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. आमच्या रानात जी कोपी उभी राहते ती अशी घडी घालून निघते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. दत्ताचा ट्रॅक्टर सुरू झालेला होता. स्नेहल धावली. सुभद्राबाई नातीला कडेवर घेऊन खाली उभ्या होत्या. सविता वर, पोत्यावर.

"सविता, कालची चिठ्ठी दे. त्यात चुकलंय."

सविताने सासूकडे पाहिलं. मग पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि खाली दिला.

स्नेहलने तो उघडला, वाचला. मग माझ्याकडे दिला.

'पूर्वीची शस्त्रक्रिया: सांगितलेली नाही' या ओळीवर निळ्या बॉलपेनने एक सरळ रेघ मारलेली होती. वर, ठसठशीत, शाळेतल्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं: *सिझर झालेले आहे. दोन वर्षे झाली. बीड. मुलगी.* कागद उलटला. इंग्रजी बाजूलाही समासात तेच, देवनागरीत.

"हे कुणी लिहिलं?" स्नेहलने विचारलं.

दत्ता ट्रॅक्टरवरून उतरून आला होता. "हिनं, मॅडम. मी नको म्हन्लोतो. डाक्टरच्या कागदावर आपन लिवायचं नसतं."

सविताने पदर सारखा केला. मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "काल सांजच्याला वाचला. मराठीत हाय म्हनून वाचता आला. चुकलं होतं, म्हनून लिवलं." मग विचारलं, "चालतं का?"

"किती शिकलीस?"

"धावी पास हाय."

तीन वर्षं ही बाई अधूनमधून त्या खोलीत येत होती. तिला काही वाचायला द्यावं, असं तिथल्या कुणाला सुचलं नव्हतं. मला, छापखान्यातल्या माणसाला तर मुळीच नाही. स्नेहलने पर्समधून पेन काढलं, सविताच्या अक्षरांशेजारी दोन्ही बाजूंना सही केली, तारीख घातली. "चालतं," ती म्हणाली. नवीन छापलेली चिठ्ठीही तिने दिली. सविताने ती तिथल्या तिथे वाचली, अगदी सावकाश, ट्रॅक्टर धडधडत असताना, आणि मग दोन्ही कागद एकत्र गुंडाळले.

सुभद्राबाईंचा डोळा कागदावर होता. "त्यात म्हशीचं हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "ते मी काढलं."

"कावून?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी केंद्रात स्नेहल वेगळ्याच पद्धतीने बोलू लागली. जे दिसेल ते मोठ्याने. "आजी मान हलवतायत, म्हणजे होय म्हणतायत. उजव्या पायावर सूज आहे. दाबल्यावर खळगा पडतो." भाऊसाहेबांना दिसावं म्हणून हे सुरू झालं, पण ऐकत खोलीतले सगळेच होते. एरवी डॉक्टर मनाशी समजून कागदावर इंग्रजीत उतरवतात. आता स्वतःच्या पायावर सूज का आहे हे आजींना पहिल्यांदा कानांनी कळत होतं. त्या मधेच म्हणाल्या, "उजव्या न्हाई, दोनी पायावर हाय. सकाळी बगा." स्नेहलने दुसरा पाय पाहिला. होती.

छापलेला कागद आधी रुग्णाला वाचायला द्यायचा, ज्याला येत नाही त्याला कमलताईंनी वाचून दाखवायचा, आणि मग सही, असंही त्या दिवशी ठरलं. माझं काम त्यामुळे संपलं.

कराड

बुधवारी मी परतलो. बहीण दारात उभी होती. "आणलंस का?"

"सीताफळं आणली," मी म्हटलं.

राजीनाम्याच्या कागदाचं काय झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात फोनवर स्नेहलने आपण होऊन सांगितलं की त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर कमलताईंनी येसराची कृती लिहून दिली आहे, कागद पाठवतेय, आईला द्या.

माघात एकदा मी आमच्या गावाबाहेरच्या कोप्यांकडे गेलो. साठ वर्षांत पहिल्यांदाच त्या रानात उतरलो, चपला चिखलात रुतवत. तिथे कळलं की सविता तालुक्याच्या रुग्णालयात आहे. तिथे गेलो तर खाटेवर बसली होती, कुशीत मुलगा, दोन दिवसांचा. चिठ्ठी वाचून इथल्या डॉक्टरांनी तिला आधीच बोलावून घेतलं होतं. मला तिने ओळखलं आणि न विचारता उशाखालून तो जुना कागद काढून दाखवला. कडा मऊ पडल्या होत्या. त्यावर भाऊसाहेबांचा छापील मजकूर होता, सविताची निळी ओळ होती, स्नेहलची सही होती आणि खाली आमच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या चार नव्या ओळी. माझं त्यावर एक टिंबही नव्हतं.

दत्ताने घरी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. सुभद्राबाईंनी नातवाचं सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "मामा, म्हस बी दूध द्यायलीय आता. मॅडमला सांगा. भाऊसाहेबाला लिवा म्हनावं."